तत्त्वज्ञानाची पदवी आणि कर्ज: प्रवेशाआधी मांडायचा हिशेब

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की मला ओळखीतून फोन येऊ लागतात. बोलणारी बहुतेक वेळा आई असते. "पोरगी हुशार आहे हो, पण तत्त्वज्ञान घ्यायचं म्हणते. पुढे खाणार काय?" मागून पोरीचा आवाज ऐकू येतो, "आई, फोन दे इकडे." मग पोरगी विचारते, "सर, अमुक विद्यापीठात प्रवेश मिळालाय, फी वर्षाला दहा लाख आहे, बँक कर्ज देतेय. घेऊ का?"

हे दोन प्रश्न एकत्र आले की गोंधळ होतो, म्हणून ते आधी वेगळे करायचे. तत्त्वज्ञान शिकावं का, याचं माझं उत्तर हो असं आहे. मी शिकलो, शिकवलं, आणि दुसरं काही शिकायला हवं होतं असं मला एकदाही वाटलं नाही. मात्र त्यासाठी कर्ज किती काढावं, हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर वहीत आकडे मांडूनच मिळतं. इंजिनिअरिंग किंवा मॅनेजमेंटमध्ये महागड्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला जास्त पगार मिळण्याची थोडीफार शक्यता तरी असते. तत्त्वज्ञानात फी आणि पगार यांचं नातं फार पातळ आहे. अनुदानित महाविद्यालयातून काही हजारांत बी.ए. झालेला आणि तीस लाख भरून बी.ए. झालेला, दोघेही नेट, सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा), यूपीएससी किंवा बी.एड.च्या एकाच रांगेत उभे असतात. विषय महाग नाही. तो जिथे शिकायचा ते ठिकाण महाग असू शकतं, आणि कर्ज त्या ठिकाणाचं असतं.

आता एक दोनशे पानी वही घ्या. मोबाईलवर हिशेब करू नका. घरातल्या सगळ्यांना एकाच पानावर बोट ठेवून बोलता आलं पाहिजे.

पहिलं पान: ठिकाण

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यापुढे ढोबळमानाने चार वाटा असतात. पहिली म्हणजे अनुदानित महाविद्यालयात बी.ए. आणि मग सरकारी विद्यापीठात एम.ए. पुणे आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे जुने विभाग आहेत. पुण्यातल्या विभागाची धुरा सुरेंद्र बारलिंगे यांच्यासारख्या माणसाने सांभाळली, आणि मराठीतून गंभीर तत्त्वज्ञान छापणारं 'परामर्श' हे नियतकालिक तिथूनच निघालं. दुसरी वाट इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून एम.ए. करण्याची. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ती चांगली आहे आणि खर्चही फार कमी. तिसरी वाट खाजगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांची. तिथे राहण्या-जेवणासह वर्षाला आठ-दहा लाख किंवा त्याहूनही जास्त जातात. चौथी परदेशाची.

प्रत्येक वाटेसाठी एक रकाना आखा. तिसऱ्या रकान्यातलं शिक्षण वाईट असतं असं मी म्हणत नाही. लहान वर्ग, भरलेलं ग्रंथालय, निबंधावर दोन-दोन पानं शेरे लिहून देणारे शिक्षक, हे सगळं तिथे खरंच मिळतं. शिष्यवृत्ती मिळून बहुतेक फी माफ होत असेल तर डोळे मिटून जा. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना ती फी कर्जातून भरायची आहे.

दुसरं पान: खरा खर्च

माहितीपत्रकातली फी हा खर्चाचा एक भाग झाला. सरकारी वाटेने जाणाऱ्याचा मोठा खर्च फी हा नसतोच. खोली आणि मेस हा असतो. गावाकडून पुण्यात आलेल्या मुलाची खोली, मेस, बस आणि पुस्तकं मिळून महिन्याला दहा-बारा हजार सहज होतात. बारा हजार धरले तर वर्षाचे १ लाख ४४ हजार. एम.ए.ची दोन वर्षं म्हणजे २ लाख ८८ हजार. फी त्यापुढे किरकोळ वाटते.

इथे खर्च कमी करायच्या खऱ्या जागा आहेत आणि त्या सहसा कुणी सांगत नाही. विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं तर खोलीचा खर्च निम्म्याहून खाली येतो, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच वसतिगृहाचा अर्ज टाका, आठवडाभराने नको. पुणे विद्यापीठात आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. दिवसाला दोन-तीन तास ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काम केलं की ताशी मानधन मिळतं. त्यातून मेसचा बराचसा खर्च भागवणारी मुलं मी पाहिली आहेत. पुस्तकांवर तर पहिल्या वर्षी एक पैसाही घालवू नका. तत्त्वज्ञानाची मूळ पुस्तकं शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची, कित्येक त्याहून जुनी. ती ग्रंथालयात असतात आणि इंटरनेटवर विनामूल्यही मिळतात.

तिसऱ्या किंवा चौथ्या रकान्यातल्या मुलांनी खर्चात सुट्टीत घरी जायचं भाडं, लॅपटॉप, वैद्यकीय विमा आणि दरवर्षी होणारी फीवाढ धरायची. फी दरवर्षी किती टक्क्यांनी वाढते, हे प्रवेश कार्यालयाला ई-मेलवर विचारा. तोंडी उत्तर वहीत लिहू नका.

तिसरं पान: पहिल्या पाच वर्षांची कमाई

या पानावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. माझी स्वतःची चूक याच पानावर झाली.

बहुतेक विद्यार्थी इथे एकच ओळ लिहितात: "सहाय्यक प्राध्यापक, सातवा वेतन आयोग." आकडा चुकीचा नाही. सहाय्यक प्राध्यापकाचं मूळ वेतन लेव्हल १० मध्ये ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं आणि त्यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता मिळतो. पण तो आकडा पहिल्या पाच वर्षांचा नाही. कित्येकांच्या बाबतीत तो दहाव्या वर्षीही येत नाही. राज्यात प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडते. तत्त्वज्ञानात तर लहान महाविद्यालयात एकच जागा असते, आणि ते सर निवृत्त झाले की वर्कलोड कमी दाखवून ती जागाही जाते. हा आकडा वहीच्या अगदी तळाशी, पेन्सिलीने लिहा.

त्याच्या वर, शाईने, हे लिहायचं.

एक, जेआरएफ, म्हणजे संशोधन करताना मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप. ती ज्या परीक्षेतून मिळते ती यूजीसी-नेट वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर पन्नास प्रश्नांचा, दुसरा शंभर प्रश्नांचा, एकूण तीनशे गुण, वेळ तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. वरच्या यादीत आलात तर जेआरएफ मिळते: पीएचडीची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या आयुष्यातलं पहिलं भक्कम उत्पन्न बहुधा हेच असतं. वयाची अट ३० वर्षांची आहे. महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. त्यामुळे एम.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच तयारी हवी. नुसती नेट किंवा पुणे विद्यापीठ घेतं ती सेट झाली, तर शिकवण्याची पात्रता मिळते, पैसे मिळत नाहीत. हा फरक घरच्यांना नीट समजावून सांगा, नाहीतर नेट झाल्याचे पेढे वाटल्यावर दुसऱ्या महिन्यापासून "पगार कधी?" सुरू होतं.

दोन, सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व: जितके तास शिकवाल तितकेच पैसे. पात्रता मिळवून कायम जागा नसलेली बहुतेक मुलं इथेच असतात. ताशी दर शासन निर्णयाने ठरतो आणि आठवड्याच्या तासांना मर्यादा असते. समजा ताशी १,००० रुपये आणि आठवड्याला नऊ तास. कागदावर महिन्याला ३६,००० दिसतात. आता माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं सांगतो. जून: नेमणूक नाही. जुलै: मुलाखत. ऑगस्ट: नेमणूक, ३१ तास. सप्टेंबर: गणपतीची सुट्टी धरून २८. ऑक्टोबर: परीक्षा आणि दिवाळी, १४. नोव्हेंबर: १७. डिसेंबर: ३३. जानेवारी: गॅदरिंग, २६. फेब्रुवारी: ३४. मार्च: ११, पुढे परीक्षा. एप्रिल, मे: शून्य. एकूण १९४ तास. वरच्या दराने १ लाख ९४ हजार, बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला सोळा हजारांच्या थोडे वर. त्यात बिल दर महिन्याला निघत नव्हतं. ऑगस्टपासूनचं सगळं मार्चमध्ये एकदम हातात आलं.

मी एम.ए.ला पुण्यात राहण्यासाठी कर्ज काढलं होतं. सवलतीचा काळ संपल्यावर ते व्याजासकट तीन लाखांच्या घरात गेलं. सात वर्षांची परतफेड, महिन्याचा हप्ता पाच हजारांच्या आसपास. मी हिशेब ३६ हजार गुणिले बारा असा केला होता. सप्टेंबर ते फेब्रुवारी बाबांनी हप्ते भरले. त्या सहा महिन्यांत त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही, आणि ते मला अजून लागतं.

तीन, कनिष्ठ महाविद्यालय. अकरावी-बारावीला कला शाखेत तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय आहेत. त्यासाठी एम.ए.बरोबर दोन वर्षांचं बी.एड. लागतं, शिक्षक अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि भरती पवित्र पोर्टलवरून होते. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना २०,००० रुपये मानधन (२०२३ पासून), नंतर ४४,९०० च्या मूळ वेतनश्रेणीत. जागा थोड्या आहेत, पण ज्याला शिकवणं मनापासून आवडतं त्याने ही वाट कमी लेखू नये. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अनुमान म्हणजे काय हे पहिल्यांदा समजतं तो क्षण मला कुठल्याही चर्चासत्रापेक्षा मोलाचा वाटतो.

चार, विषयाबाहेरची कामं: भाषांतर, संपादन, प्रकाशनसंस्था, स्वयंसेवी संस्थांच्या फेलोशिप, कंपन्यांमधलं लेखन. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी एखादा परिच्छेद वाचून त्यात काय गृहीत धरलंय ते चटकन दाखवू शकतो, आणि या कामांत त्याला खरी किंमत आहे. पण नुसत्या पदवीवर ती मिळत नाही; केलेलं काम दाखवावं लागतं. म्हणून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून दर सुट्टीत एक तरी भाषांतर किंवा लेख पूर्ण करून ठेवा. सुरुवातीला महिन्याला पंधरा ते पंचवीस हजार धरून चाला.

आता या चार ओळींतला सगळ्यात लहान आकडा शोधा. तो पंधरा ते वीस हजारांच्या मध्ये असेल. त्याच्याभोवती गोल करा. पुढचा सगळा हिशेब या गोलातल्या आकड्यावर करायचा. जेआरएफ मिळाली तर आनंद आहे, कर्ज लवकर फिटेल. पण कर्ज काढताना ती मिळालेली धरायची नाही.

चौथं पान: कर्ज नेमकं कसं वाढतं

बहुतेक सरकारी बँका भारतीय बँक संघाच्या नमुना योजनेप्रमाणे शैक्षणिक कर्ज देतात. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई-वडील सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंतही सहसा तारण मागत नाहीत. त्याच्या वर गेलात की घर, जमीन किंवा मुदत ठेव मागतात. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. त्यानंतर जास्तीत जास्त पंधरा वर्षांत फेड.

"शिकत असताना काही भरावं लागत नाही" हे वाक्य बँकेत हमखास ऐकायला मिळतं आणि ते खरंही आहे. पण त्या काळात व्याज थांबत नाही. सरळव्याजाने ते साठत जातं आणि शेवटी मुद्दलात मिसळतं. एक उदाहरण करू. खाजगी विद्यापीठात तीन वर्षांची बी.ए., दर वर्षाच्या सुरुवातीला दहा लाख, व्याज १० टक्के. पहिल्या दहा लाखांवर चार वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन. एकूण नऊ लाख. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज ३० लाख नसतं, ३९ लाख असतं. पंधरा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता येतो सुमारे ४१,९००. पंधरा वर्षांत मिळून भरायचे ७५ लाखांच्या वर.

आता मागच्या पानावरचा गोल बघा. त्यात सोळा हजार लिहिलेत. जेआरएफचे ३७ हजारही या हप्त्याला पुरत नाहीत.

हेच गणित लहान कर्जाला लावा. तीन वर्षांत मिळून सव्वादोन लाख घेतले, व्याज तेवढंच. साठलेलं व्याज सुमारे ६७,५००, म्हणजे फेड सुरू होताना २ लाख ९२ हजार. दहा वर्षांनी महिना सुमारे ३,८७० रुपये. वीस हजार कमावणारा माणूस हा हप्ता भरून पुण्यात जगू शकतो. चैन होणार नाही, पण झोप लागेल.

मी विद्यार्थ्यांना सांगतो तो नियम असा: हप्ता गोलातल्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. वीस हजारांना चार हजार, सोळा हजारांना तीन हजार दोनशे. उलटा हिशेब केला की तत्त्वज्ञानाच्या बी.ए.साठी पेलणारं कर्ज दोन-सव्वादोन लाखांच्या पलीकडे जात नाही. ज्याच्या घरी शेती किंवा दुकान आहे आणि हप्ता घरून भरायची सगळ्यांची खुशी आहे, तो वर जाऊ शकतो. पण ती खुशी आई-वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवी, तुम्ही परस्पर धरायची नाही.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा: सहकर्जदाराचं वय. वडील राज्य सरकारी नोकरीत असतील आणि आज ५४ वर्षांचे असतील, तर ते ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. तीन वर्षांची पदवी आणि वर एक वर्ष म्हणजे बरोबर तेव्हाच पहिला हप्ता सुरू होतो. पगार थांबतो आणि हप्ता चालू होतो, एकाच वर्षी. हे दोन आकडे शेजारी लिहिलेले मी फार थोड्या घरांत पाहिले आहेत.

कर्ज घेतलंच, तर शिकतानाच दर महिन्याला निदान व्याज भरा. सव्वादोन लाखांवर ते महिन्याला पावणेदोन ते दोन हजारांच्या घरात असतं, आणि असं व्याज भरणाऱ्याला एक टक्का सवलत देण्याची तरतूद नमुना योजनेत आहे. मंजुरीपत्रात ती लिहून घ्या. व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी फेडण्यावर दंड लागत नाही, त्यामुळे सीएचबीचं बिल एकदम आलं की त्यातला मोठा भाग कर्जात टाका. पगारदार झाल्यावर व्याजाच्या रकमेवर आठ वर्षं आयकरात वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच.

पाचवं पान: दुसऱ्याचे पैसे

तत्त्वज्ञान शिकणाऱ्याला आपल्याकडे कुणी पैसे दिलेच नाहीत असं नाही. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं आणि तिथे अभ्यासकांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. साने गुरुजी १९२० च्या दशकात तिथे होते आणि पुढे त्याच गावात प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. आज शेठजींच्या जागी पोर्टलं आहेत.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर आपल्या प्रवर्गाची आणि उत्पन्नाची योजना शोधायला जूनमध्येच बसा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागत असल्यास नॉन-क्रिमी लेअर, आणि आधारशी जोडलेलं बँक खाते हे सगळं प्रवेशाआधी हातात असू द्या. तलाठी कार्यालयाच्या फेऱ्यांमध्ये जुलै निघून जातो. अनुसूचित जातीच्या, वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. दुसऱ्या पानावरच्या १ लाख ४४ हजारांतून ते वजा करून बघा, केवढा फरक पडतो. पीएचडीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत.

दोन ठिकाणी हमखास गैरसमज होतो. मुलींची शंभर टक्के फी माफ करणारा २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, बी.ए. तत्त्वज्ञानाला तो लागतो असं धरू नका. आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना शिक्षणकाळातलं पूर्ण व्याज भरून देणारी केंद्राची योजनाही तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणासाठीच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत मात्र अभ्यासक्रमापेक्षा संस्था बघतात. यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याजसवलत मिळू शकते. त्या सवलतीला वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांची मर्यादा आहे आणि सरकारी संस्थांतल्या, तसंच व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलांना प्राधान्य आहे. सवलत मिळेल असं धरून कर्जाचा आकडा वाढवू नका.

शिष्यवृत्तीच्या कागदावरचा बाँडही वाचा. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार. तिथे त्यांना जॉन ड्यूईंसारखा तत्त्वज्ञ शिक्षक मिळाला. तो करार पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला रुजू झाले, आणि तिथे त्यांना राहायला जागाही कुणी दिली नाही. शिकून झाल्यावर कुठे आणि किती वर्षं बांधले जाणार, हे सही करण्याआधी कळलेलं बरं.

परदेशाचा रकाना

इथे मी थोडं कठोर बोलतो, कारण सगळ्यात मोठी कर्जं याच रकान्यात दिसतात.

ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या एम.ए.साठी समजा तीस लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के. एक वर्ष शिक्षण आणि एक वर्ष सवलत धरून ६ लाख ६० हजार व्याज साठतं. पंधरा वर्षांचा हप्ता सुमारे ४१,६०० रुपये. तिथेच नोकरी मिळाली तर हे फिटतं, पण शिक्षणानंतर राहायला मिळणारी दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दीड वर्षावर येणार आहेत. अमेरिकेत शिक्षणानंतर कामाची परवानगी सगळ्यांना बारा महिने असते, पण विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी आणखी चोवीस महिन्यांची वाढ तत्त्वज्ञानाला लागू नाही. कॉम्प्युटरवाल्या मामेभावाचं उदाहरण समोर ठेवून तत्त्वज्ञानाचं कर्ज काढू नका. त्याच्या व्हिसाचा हिशेब वेगळा आहे.

बाहेर जायचंच असेल तर कर्जाशिवायच्या दोन वाटा आहेत. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. म्युनिकच्या एलएमयूमध्ये तर्कशास्त्र आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान या विषयात इंग्रजीतून एम.ए. करता येतं. मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो वेगळ्या खात्यात आधी दाखवावे लागतात, ती तजवीज हवी. दुसरी वाट म्हणजे इथे एम.ए. करून थेट पीएचडीला अर्ज करायचा. अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत पीएचडीच्या विद्यार्थ्याला फी माफ असते, वर विद्यावेतन मिळतं. पीएचडीसाठी कर्ज काढायची वेळ आली, तर त्या विभागाला नकार कळवा.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. इतर प्रवर्गांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांत २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. बौद्ध न्याय (म्हणजे तर्कशास्त्र) किंवा वेदान्त शिकायला परदेशी जायचा विचार असेल तर अर्ज भरण्याआधी चालू वर्षाचे नियम वाचा.

सहावं पान: दुसरी वाट आणि तिची तारीख

तत्त्वज्ञानाच्या पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. करता येते, त्यासाठी राज्याची सीईटी असते. तर्कशास्त्र पक्कं असलेल्या मुलांना कायदा रुचतो, असा माझा अनुभव आहे. मॅनेजमेंटच्या प्रवेशाची कॅट परीक्षाही कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते.

स्पर्धा परीक्षेबद्दल थोडं सविस्तर. यूपीएससीला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेता येतो, दोन पेपर मिळून ५०० गुण. शिवाय नीतिशास्त्राचा २५० गुणांचा वेगळा पेपर. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे आणि तिथेही वैकल्पिक विषय आला आहे. त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचा अभ्यास वाया जात नाही, हे खरं. पण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतलं एक वर्ष म्हणजे खोली, मेस, अभ्यासिका आणि टेस्ट सिरीज मिळून दीड लाखाच्या आसपास खर्च, आणि त्या वर्षी कमाई शून्य. कर्जाचं व्याज त्या वर्षीही चढतंच. म्हणून वहीत तारीख लिहा: किती प्रयत्न, कोणत्या वर्षाच्या कोणत्या महिन्यापर्यंत. घरच्यांसमोर लिहा. तारीख लिहिलेली मुलं वेळेवर वळतात; न लिहिलेली तिशी ओलांडतात, आणि मग जेआरएफची वयोमर्यादाही हातून गेलेली असते.

एक इशारा इथेच देतो. कायम नोकरीसाठी संस्थेने पैसे मागितले, तर त्यासाठी कुठल्या रकान्यात जागा करू नका. तिथून परत फिरा. त्या रकमेचं कर्ज पगारातून फिटत नाही, आणि माणूस वर्गात ताठ उभाही राहत नाही.

बँकेत जाण्याआधी

वहीची ही सहा पानं झाली की घरी एका संध्याकाळी बसा, जेवणं झाल्यावर. मुलानेच वाचून दाखवावं. बँकेत जाताना वही बरोबर न्या आणि अधिकाऱ्याला चार गोष्टी विचारा: व्याजदर स्थिर की बदलता, शिकताना व्याज सरळ की चक्रवाढ, विमा सक्तीचा आहे का आणि त्याचा हप्ता कर्जात मिळवला आहे का, आणि फेड सुरू होताना एकूण रक्कम किती असेल. चौथा आकडा अधिकाऱ्याकडूनच कागदावर लिहून घ्या.

दोन वर्षांपूर्वी कराडकडची एक मुलगी तिच्या वडिलांसोबत अशी वही घेऊन माझ्याकडे आली होती. तीस लाखांचं मंजुरीपत्र पिशवीत होतं. आम्ही चौथं पान मांडलं. ३९ लाखांचा आकडा आल्यावर वडील काही बोलले नाहीत, त्यांनी नुसतं पान आपल्याकडे ओढून बेरीज पुन्हा केली. मुलगी म्हणाली, "बाबा, बरोबर आहे ती." मग तिने विचारलं, "सर, पुण्यातल्या अनुदानित कॉलेजात तत्त्वज्ञान स्पेशलला अजून जागा असतील का?" होत्या. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे, सकाळी ग्रंथालयात 'कमवा आणि शिका'चे दोन तास करते, कर्ज नाही. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, न्यायदर्शन मुळातून वाचायचंय म्हणून संस्कृतच्या प्रमाणपत्र वर्गाबद्दल विचारत होती. पहिला प्रश्न होता वर्गात काय शिकवतात, दुसरा होता फी किती आणि हप्त्याने भरता येते का.